हिरवा चुडा, हिरवा पडदा



आधी एक कबुली देऊन टाकतो. लग्नाच्या शूटिंगची एडिटिंग करायचो तेव्हाची गोष्ट. नवरीला हिरव्या पडद्यापुढे उभं केलं आणि मागे काश्मीर लावलं. डीव्हीडी घरी गेली आणि चौथ्या दिवशी नवरीची आत्या दारात हजर. ‘भाऊ, पोरीचा चुडा कुठे गेला?’ पाहतो तर चुड्यातून बर्फ दिसतोय! लग्नघरात यापेक्षा मोठा अपशकुन कोणता?

आता घडलं काय ते सांगतो. पडद्यावरचं रंगीत चित्र हे खरं तर तीन कृष्णधवल चित्रं असतात: तांबड्याचं, हिरव्याचं, निळ्याचं. यांना आम्ही चॅनेल म्हणतो. प्रत्येक ठिपक्याला तिन्हीकडे 0 ते 255 मधला एकेक आकडा. आणि मॅट म्हणजे साचा. पोत्यावर नाव छापायला पत्रा कापून घेतात ना, तोच प्रकार. पांढरं तिथे माणूस दिसेल, काळं तिथे मागचा देखावा, करडं तिथे दोन्ही थोडं थोडं.

हा साचा रंगांच्या वजाबाकीतून निघतो. हिरव्याचा आकडा घ्यायचा, तांबडा आणि निळा यांतला जो मोठा असेल तो त्यातून वजा करायचा. बाकी जितकी मोठी, तितका साचा काळा. समजा पडदा 60, 180, 70. बाकी 110, म्हणजे हा पूर्ण पुसायचा. हळद लागलेला गाल 220, 170, 60. बाकी शून्याखाली, गाल शाबूत. आणि चुडा 20, 120, 50. बाकी 70! म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश चुडा गायब. गणिताचं काही चुकलं नव्हतं, पडदा निवडणारा चुकला होता.

ही वजाबाकी पेट्रो व्लाहोस यांची. ‘बेन हर’साठी (1959) त्यांनी ती निळ्या पडद्यावर फिल्मच्या रसायनांतून साधली होती. दादासाहेब फाळक्यांजवळ तर रंगच नव्हते. काळ्या भागात फिल्म कोरी राहते, ती मागे गुंडाळून पुन्हा चालवायची, एवढ्या भांडवलावर त्यांनी चमत्कार दाखवले. 1978च्या ‘सुपरमॅन’मध्ये निळ्या पडद्यापुढच्या दृश्यांसाठी नायकाचा निळा पोशाख हिरवट झाकेचा करावा लागला. आपल्या मालेगावच्या पोरांनी त्यांचा सुपरमॅन हिरव्या कापडापुढे उडवला. फैजा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट जरूर बघा. हॉलिवूडला हसायची हिंमत तिथे सापडेल.

त्या चुड्यासाठी माझी दुरुस्ती अशी. वजाबाकीचा साचा तांबड्या चॅनेलमध्ये ठेवला. मनगटाचा साचा फ्रेमगणिक हाताने काढून हिरव्यात ठेवला. ओढणीच्या झिरझिरीत कडेचा निळ्यात. एकाच क्लिपमध्ये तीन साचे! बघायला भयंकर, लाल-हिरवं भूत. पण आतला प्रत्येक चॅनेल हुकमाचा.

आता ते एकत्र कसे करायचे? इथे भले भले घसरतात. साचे एकमेकांवर चढत असतील तर जो आकडा मोठा तो घ्यायचा. पण शेजारी-शेजारी टेकलेले असतील, जसा शर्ट आणि त्याला लागून पँट, तर बेरीज. कारण सांध्यावरचा ठिपका अर्धा याचा आणि अर्धा त्याचा असतो. बेरजेने तो पूर्ण भरतो, मोठा आकडा घेतला तर अर्धाच राहतो आणि कमरेवर एक रेघ उमटते. त्या रेघेपायी मी एक अख्खी रात्र घालवली आहे.

आणि हे साचे साध्या एमपीफोरमध्ये साठवू नका. त्यात बहुधा चार ठिपक्यांना मिळून रंगाची एकच नोंद असते, त्यामुळे एका साच्याचा रंग दुसऱ्यात पाझरतो. पीएनजीच्या फ्रेम जागा खातात, पण इमान राखतात.

आता शूटिंगच्या आधीच मी फोन करून विचारतो, चुडा कुठल्या रंगाचा, नवरदेवाचा सूट कुठला? मागे एका घरून उत्तर आलं: ‘चुडा हिरवा, सूट निळा.’ लाल पडदा लावावा तर माणसाच्या कातडीतच तांबडं जास्त. शेवटी दोघांना केळीच्या बागेत नेऊन उभं केलं. मागे देखावा लावायची गरजच पडली नाही.