आज तिनं किती खाल्लं?

ज्यांच्या घरी मादी ससा आहे, त्यांच्याशी आज मला खास बोलायचं आहे, आणि तेही एका नेमक्या आजाराबद्दल: गर्भाशयाचा कॅन्सर. सशांच्या माद्यांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर हाच. तरीही डॉक्टरांनी त्याचं नाव घेतलं की घरच्यांना विश्वास बसत नाही. कालपर्यंत फ्रीजचं दार उघडलं की धावत येणारी ही मादी एवढी आजारी असेल, असं कुणाच्या मनातही आलेलं नसतं.

पहिली खूण बहुधा पिंजऱ्यातल्या कागदावर दिसते. लघवीचा लाल डाग. सशाची लघवी लाल दिसली म्हणजे दर वेळी रक्तच असतं असं नाही. गाजर, बीट, पालक अशा भाज्यांमधल्या रंगद्रव्यांमुळे ती केशरी किंवा विटकरी होते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप पूर्ववत होते. गर्भाशयातून येणारं रक्त वेगळं. ते बरेचदा लघवीच्या शेवटी येतं, कधी गुठळी पडते. शिवाय ते चार दिवस दिसतं आणि मग कितीतरी दिवस काहीच नाही. हे मधले कोरडे दिवसच घात करतात. ‘थांबलं की आता,’ म्हणून मंडळी निर्धास्त होतात. लघवी तपासायच्या साध्या पट्टीनं काही मिनिटांत कळतं, रक्त आहे की नुसता रंग. तेवढं त्याच दिवशी करून घ्या.

निदान ऐकल्यावर जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘आमचं काय चुकलं?’ कोबी जास्त झाला का, बाल्कनीत ठेवलं म्हणून झालं का. तसं काही नसतं. अमेरिकेत प्रिन्स्टनच्या रॉकफेलर संस्थेत हॅरी ग्रीन यांनी सशांच्या वसाहतीवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं आणि १९३८ पासून त्याबद्दल लिहिलं. गर्भाशयाच्या या गाठी वयाबरोबर वाढत जातात, हे तेव्हापासून माहीत आहे. काही जातींच्या चार वर्षांवरच्या माद्यांमध्ये निम्म्याहून अधिक जणींना हा आजार आढळला आहे. गर्भाशय जागेवर आहे आणि वय वाढलं, एवढं कारण पुरतं. म्हणूनच मादी पाच-सहा महिन्यांची झाली की गर्भाशय आणि अंडाशय काढून टाकावेत, असं सशांचे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे बाजारातून जोडी घेताना ही गोष्ट कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता निदानाबद्दल. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली, एवढ्यावर कॅन्सर पक्का होत नाही. गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड झालेलं असू शकतं, साधा मस असू शकतो; रक्ताचं मूळ मूत्राशयातल्या खड्यातही निघतं. गर्भाशय काढून त्याचा तुकडा प्रयोगशाळेत गेला की खरं नाव कळतं. पण शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे हवाच, कारण हा कॅन्सर पसरतो तो अनेकदा फुप्फुसात. छाती स्वच्छ असेल आणि गाठ गर्भाशयापुरतीच असेल, तर शस्त्रक्रियेनं तो पूर्ण बराही होतो. तेव्हा ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडला तरी छातीचा एक्स-रे होईपर्यंत मनातल्या मनात निरोप घेऊ नका.

माझ्या टेबलावर एकदा सहा वर्षांची पांढरी मादी होती. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांवर ठिपके. मी घरच्यांना समजावत होते; मुलगा-सून गप्प झाली होती. आजी मात्र पिशवीतून कोथिंबिरीची एकेक काडी काढून तिच्यापुढे धरत होत्या, आणि ती काडी देठाकडून आत ओढत, मिशा हलवत कुरुकुरु खात होती. आजींनी विचारलं, “डॉक्टर, हिला कळलंय का हो?” मी म्हटलं, “नाही आजी. तिला फक्त आज दुखतंय की नाही, एवढंच कळतं.”

मला आज सांगायचंय ते हेच. ‘अजून किती महिने?’ हा आपला प्रश्न आहे. सशाचा दिवस खाण्यावर चालतो, आणि आपल्यालाही त्याच मापानं चालता येतं. आज तिनं किती खाल्लं? लेंड्या किती पडल्या, मोठ्या गोल की बारीक आणि कमी? सकाळी-संध्याकाळी वहीत लिहा. सशाचं आतडं सतत हलतं राहावं लागतं. दुखणं, भीती, ताप, कशानंही खाणं थांबलं की आतडं मंदावतं, आणि मूळ आजाराआधी तेच जिवावर बेततं. दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, तर ती तातडीची वेळ समजा. उद्या बघू म्हणू नका.

ससा दुखणं लपवतो. शिकारी प्राण्यांच्या तावडीत सापडणाऱ्या जिवाचा तो स्वभावच. पण चेहरा बोलतो. २०१२ मध्ये संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत मांडली: डोळे मिटत आलेले, गाल आत गेलेले, नाकपुड्या टोकदार, मिशा ताठ, कान मागे दुमडलेले. त्यात दात करकर वाजवणं आणि कोपऱ्यात पाठ करून बसणं धरा. असं दिसलं तर डॉक्टरांकडून वेदनाशामक घ्या आणि नेमानं द्या. घरातलं माणसांचं औषध मुळीच नको. मुलांसाठी आणलेलं अमॉक्सिसिलिनचं सिरप तर सशाला प्राणघातक ठरू शकतं. तोंडावाटे दिलं की त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि विषारी जिवाणू माजतात.

शस्त्रक्रिया करायची की नाही? भूल सशाला कुत्र्यापेक्षा जड जाते, हे खरं. ब्रिटनमधल्या २००८ च्या एका मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूंचं प्रमाण कुत्र्यांत ०.१७ टक्के, तर सशांत १.३९ टक्के निघालं. आजारी सशांत ते आणखी जास्त, धडधाकट सशांत कमी. म्हणून सशांच्या शस्त्रक्रिया नेहमी करणारे डॉक्टर शोधा, त्यासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं तरी जा. आणि कुणी ‘रात्रभर उपाशी ठेवा’ म्हटलं, तर विनयानं पुन्हा विचारा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे माणसासारखं त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही. गाठ कॅन्सरची निघाली, तर नंतर निदान वर्षभर, दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

आजार पसरलेला असेल तर शस्त्रक्रियेचा हट्ट धरू नये, असं माझं मत आहे. मग गवत, ओला पाला, वेदनाशामक, गार जागा आणि मऊ अंथरूण. तोंडाशी गवत आणून द्या, पाण्याचं भांडं उथळ ठेवा. पावसाळ्यात तर दिवसातून दोनदा शेपटीखाली बघा: अशक्त सशाला अंग साफ ठेवता येत नाही, ओल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होतात. नातेवाईक म्हणतील, ‘बाजारात दुसरा मिळतो की.’ त्यांच्याशी वाद घालण्यात शक्ती घालवू नका. तुमचं दुःख खरं आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

वहीतले सलग दिवस रिकामे जाऊ लागले, आवडीची काडीही ती हुंगून सोडू लागली, तर दयामरणाबद्दल डॉक्टरांशी उघड बोला. ससा श्वास नाकानं घेतो; तो तोंड उघडून धापा टाकू लागला तर मात्र वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा. दयामरण ठरलं, तर आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, मग दुसरं. तोवर मांडीवर घेऊन बसता येतं.

घरात जोडीचा ससा असेल, तर दवाखान्यात जाताना त्यालाही बरोबर न्या. ओळखीच्या वासानं दोघंही शांत राहतात. ती गेल्यावर त्याला थोडा वेळ तिच्याजवळ बसू द्या. तो हुंगेल, चाटेल, कधी शेजारी पसरून बसेल. त्यानंतर काही दिवस त्याचंही खाणं आणि लेंड्या वहीत लिहा, कारण सोबत तुटलेला ससा खाणं सोडू शकतो. आणि मागे राहिलेला ससा मादीच असेल, शस्त्रक्रिया न झालेली, तर तिची सोनोग्राफी या महिन्यातच करून घ्या.