रस्त्यावर घडलेले गाव

(निपाणी येथे एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गावाच्या इतिहासावर बोलण्यास आपण आम्हांस पाचारण केले, हा आपला लोभ होय. अशा प्रसंगी वक्ता प्रथम वाड्याकडे व तटबंदीकडे बोट दाखवितो. आम्हीही आरंभ तेथूनच करतो. तेथेच थांबण्याचा मात्र आमचा विचार नाही.

सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजे आपले अप्पा देसाई निपाणकर, हे उत्तर पेशवाईतील नामांकित सरदार. त्यांच्यामुळे निपाणीचे नाव पुण्याच्या दरबारी पोहोचले. पुढे इंग्रजी अंमल आला आणि जहागीर खालसा झाली. जहागिरीबरोबर गावही निस्तेज व्हावे, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. निपाणी मात्र टिकली, नव्हे, वाढली. ती कशाच्या बळावर?

आगगाडीच्या बळावर तर नव्हेच. पुण्याहून बेळगावास जाणारा लोहमार्ग मिरज-रायबागवरून गेला व आपणांस बाजूस ठेवून गेला. आपल्या वाट्यास आला तो पुणे-बंगळूर हमरस्ता. उत्तरेस वेदगंगेवरील यमगर्णीचा पूल, दक्षिणेस तवंदीचा घाट आणि मध्ये हे गाव. भोवतालच्या रानांत विडीची तंबाखू पिकली, ती या बाजारात आली, वखारींत साठली आणि याच रस्त्याने देशभर गेली. निपाणीचा खरा वाडा म्हणजे ही वखार होय.

त्या वखारीत कोण होते? तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या आणि निवडणाऱ्या बाया. तोंडास पदर बांधून दिवसभर धुरळ्यात बसावे आणि खोकत घरी परतावे, हा त्यांचा नित्यक्रम. या बायांनी १९८० च्या सुमारास संघटना उभारली व संप केला. बंगळुरात स्थापन झालेल्या 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्या लढ्यावर लघुपट काढला. परगावच्या भगिनींनी येऊन जे टिपून ठेवले, ते आपण आपल्या वहीत उतरविले आहे काय, हा प्रश्न आम्ही नम्रपणे विचारतो.

याच गावी १९२५ मध्ये मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरले. महाडचा सत्याग्रह त्यानंतर दोन वर्षांनी झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेचे मोल कळते.

आणि मग १९८१ साल. तंबाखूस रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी १४ मार्चपासून या हमरस्त्यावर बसले. भाकरी तेथेच, झोप तेथेच, सभाही तेथेच. त्या वस्तीस त्यांनी 'आंदोलननगर' असे नाव दिले. ६ एप्रिल रोजी पोलिसांचा गोळीबार झाला आणि १२ शेतकरी प्राणास मुकले. शेतमालाचा भाव मागताना त्यांनी जी किंमत मोजली, तिची नोंद कोणत्याही बाजारसमितीच्या वहीत सापडावयाची नाही.

सरहद्दीचा विषय येथे टाळता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणी महाराष्ट्रास द्यावी असे सुचविले. तो अहवाल अमलात आला नाही. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. येथील सरहद्द कशी आहे, हे पाहावयाचे असेल तर कागद नको, देवचंद महाविद्यालय पाहावे. १९६१ मध्ये निघालेले हे महाविद्यालय निपाणीच्या मुलांचे. पण ते उभे आहे अर्जुननगरात, कागल तालुक्यात. मुले सकाळी एका राज्यातून निघतात, दुसऱ्या राज्यात शिकतात आणि जेवावयास पुन्हा पहिल्या राज्यात येतात. त्यांच्या पायांस ती रेघ कधी टोचलेली नाही.

आज हमरस्ता रुंद झाला आहे. त्याचा क्रमांक चार होता, तो अठ्ठेचाळीस झाला. मोटारी भरधाव निघून जातात. येथे कोण बसले होते आणि कोण पडले, हे आतील प्रवाशास ठाऊक नसते. त्यास आम्ही दोष देत नाही. परंतु आपल्या मुलांसही ते ठाऊक नसेल, तर दोष कोणाचा?

१९८१ मध्ये विशीत असलेला शेतकरी आज साठी ओलांडून गेला आहे. वखारीतील कित्येक बाया तर केव्हाच निघून गेल्या. म्हणून या वाचनालयास आमची एकच विनंती आहे. एक कोरी वही घ्यावी, घरोघर जावे आणि जे बोलतील त्यांच्याच शब्दांत ते लिहून घ्यावे. अप्पा देसायांस बखरकार मिळाले. तंबाखू चाळणाऱ्या आजीस तो मिळावयाचा असेल, तर तो तिचा नातूच असला पाहिजे. विलंब करू नये, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.