भगिनींचा व्यायाम आणि आपले अंगण
(नारायणगुडा येथे महाजन-कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



स्त्रियांच्या आरोग्याविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा झाली म्हणून मी येथे उभी आहे. परंतु ज्या स्त्रियांविषयी मला बोलावयाचे आहे, त्यांतील एकही या सभागृहात नाही. आपल्या घरची धुणीभांडी उरकून त्या या घटकेस दुसऱ्या कुणाच्या घराच्या पायऱ्या चढत असतील. त्यांच्यासाठी व त्यांच्या मुलींसाठी सामुदायिक व्यायामाची सोय करावी, असे मी मागे एकदा सुचविले, तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी विचारले, "दिवसभर राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला?" प्रश्न रास्त होता आणि त्या वेळी मला उत्तर सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे.

उत्तर मला पुढे आमच्याच स्वयंपाकघरात मिळाले. वाकून फरशी पुसणाऱ्या बाईच्या अंगात बळ कमी नसते; पण ते बळ दुसऱ्याच्या घड्याळाप्रमाणे खर्च होते, आणि रोज तीच कंबर, तेच गुडघे झिजतात. खेळात तेच अंग स्वतःच्या इच्छेने धावते. तेथे मोठ्याने हाक मारता येते, पडता येते, आपल्याच पडण्यावर हसताही येते. हा तास तिच्या दिवसात कोठेच नसतो.

असा तास आपल्या परंपरेला अपरिचित आहे काय? गोमंतकात पौषात मांडावर धालो रंगतात. कष्टकरी समाजांतील स्त्रिया रात्री तेथे फेर धरतात, आणि तेवढ्या रात्रींपुरती ती जागा त्यांची असते. येथे तेलंगणात बतुकम्माच्या नऊ दिवसांत स्त्रिया भर रस्त्यात टाळ्यांच्या ठेक्यावर फेर धरतात. आमच्या मंगळागौरीत फुगडी, झिम्मा होता, अंग घामाने निथळून निघेल असा होता. मात्र तो माजघरातला. विधवा दाराआड उभी असे, आणि फराळाची भांडी घासणारी परसात बसलेली असे. खेळाचे कौतुक करताना या दोघींची आठवण आपण सहसा काढत नाही.

ज्या नारायणगुड्यात आपण बसलो आहोत, त्याचा एक धागा महर्षी कर्व्यांशी जुळलेला आहे. १९२१ मध्ये हैदराबादेत भरलेल्या सामाजिक सुधारणा परिषदेचे अध्यक्षस्थान अण्णासाहेब कर्वे यांनी भूषविले. पुढे १९२८ मध्ये माडपाटी हनुमंतराव यांनी तेलुगू माध्यमाची मुलींची शाळा काढली. ती याच नारायणगुड्यात नावारूपास आली. निजामी राजवटीत अशा शाळेस मान्यता मिळणे दुरापास्त, म्हणून तिचा संबंध कर्व्यांच्या महिला विद्यापीठाशी जोडण्यात आला. एका भाषेच्या मुलींसाठी दुसऱ्या भाषेच्या माणसांनी दार उघडले, ही गोष्ट आपण मराठी मंडळींनी अभिमानापेक्षा जबाबदारी म्हणून लक्षात ठेवावी, असे मला वाटते. आज आपल्या गल्लीत कामाला येणाऱ्या बहुतेक भगिनी तेलुगूच बोलतात.

आता एक अलीकडचे उदाहरण. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातला उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हा अवर्षणाचा जिल्हा. तेथे सारिका काळे ही मुलगी खो-खो खेळू लागली. घरी दिवसाकाठी एकाच वेळचे जेवण मिळावे अशी अवस्था होती, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळविले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला आणि तुळजापुरी त्या क्रीडा अधिकारी झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळे यांच्या संघाने नेपाळला ७८–४० असे हरविले.

पदके सांगितली की टाळ्या पडतात. माझे लक्ष मात्र ज्यांना कधीच पदक मिळणार नाही त्यांच्याकडे आहे. खो-खोला दोन खांब, थोडी फक्की आणि मोकळी जमीन एवढेच लागते. शिवाय या खेळात खो मोठ्याने द्यावा लागतो. कुजबुजून दिलेला खो चालत नाही. ज्या मुलीला घरी, शेजारी, कामाच्या ठिकाणी हळू बोलण्याचीच शिकवण मिळाली, तिला येथे ओरडल्यावाचून गत्यंतर नसते. आठजणी तिच्या आवाजाची वाट पाहत बसलेल्या असतात.

आपल्या सत्कार्याची रीत अशी की साड्या वाटाव्यात, शिलाईयंत्र द्यावे, छायाचित्र काढावे. त्यात वाईट काही नाही. पण ते एका दिवसात संपते. मी मागते आहे ते अधिक अडचणीचे आहे. देवस्थानचे अंगण दुपारी चार ते पाच या वेळेत रोज या भगिनींसाठी राखून ठेवावे. दुपारची कामे आटोपून सायंकाळच्या घरी जाण्याआधी त्यांना तेवढीच उसंत असते. शिकविणारी स्त्री असावी, कपडे बदलावयास एक खोली व स्वच्छतागृह उघडे असावे, आणि तान्ही मुले सांभाळावयास आपल्यापैकी कुणीतरी बसावे. खेळानंतर मूठभर शेंगदाणे व गूळ अवश्य द्यावा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांपैकी सत्तावन्न भारतीय स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. उपाशी पोटी धावावयास लावणे हा व्यायाम नव्हे.

आणि एक विनंती, थोडी कटू वाटेल. लग्नसराईत अंगण भाड्याने जाते आणि त्या उत्पन्नाची देवस्थानास गरज असते, हे मी जाणते. तरीही कार्यकारी मंडळाने ठराव करताना "सोयीनुसार" हा शब्द त्यात घालू नये. मांडव घालणाऱ्यांना पाचनंतर यावयास सांगता येते. मुलींना एकदा "आज नको" म्हटले की दुसऱ्या दिवशी निम्म्याच येतात. ठरावाचा मसुदा मी चिटणीसांकडे दिलेला आहे. ज्यांना शिकवावयास अथवा मुले सांभाळावयास येता येईल, त्यांनी जाण्यापूर्वी त्याखाली आपले नाव आणि सोयीचा वार लिहावा.