मुलांचा कर्करोग आणि दूरवरून मिळणारा वैद्यकीय सल्ला
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आम्ही एका अवघड विषयावर बोलणार आहोत, तो म्हणजे लहान मुलांचा कर्करोग. हा शब्द निघाला की लोक आवाज खाली आणतात, ‘आता संपलं’ म्हणतात. पण हे खरे नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, श्रीमंत देशांत अशा 100 मुलांपैकी 80 हून अधिक बरी होतात. अनेक गरीब देशांत मात्र 30 सुद्धा बरी होत नाहीत. रोग तोच, मग फरक का? निदान उशिरा होते, औषधे वेळेवर मिळत नाहीत, तज्ज्ञ लांब असतो आणि उपचार अर्ध्यावर सुटतात.

आपल्याकडचेच बघा. विदर्भ-मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबे परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. गाडीभाडे, बुडालेली मजुरी, धाकटी पोरं शेजारी ठेवलेली. मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-तीन वर्षे चालतात. सुरुवातीचे महिने दवाखान्यात जातात, पुढे घरीच गोळ्या आणि रक्ततपासणी. पोर हसतं-खेळतं दिसू लागतं, मग ‘आता कशाला जायचं?’ म्हणून गोळ्या बंद होतात आणि रोग उलटतो. मुलगी असेल तर उपचाराला आणखीच हात आखडतो, हेही कटू सत्य आहे.

येथेच टेलिमेडिसिन उपयोगी पडते. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिला, डॉक्टरने डॉक्टरशी बोलण्याचा. जॉर्डन देशाचे उदाहरण घ्या. 2004 च्या अखेरीस अम्मानच्या किंग हुसेन कर्करोग केंद्रातील डॉक्टर, कॅनडातील टोरांटोच्या बालरुग्णालयातील तज्ज्ञांशी पडद्यावरून चर्चा करू लागले. विषय होता मुलांच्या मेंदूतील गाठी. दीड वर्षात 64 मुलांचा विचार झाला आणि त्यांपैकी 23 जणांच्या उपचारात महत्त्वाचे बदल सुचवले गेले. भारतात 2012 साली राष्ट्रीय कर्करोग ग्रिड सुरू झाले. त्यातील रुग्णालयांचे तज्ज्ञही अवघड रुग्णांविषयी अशाच बैठका घेतात.

दुसरा प्रकार, डॉक्टरने कुटुंबाशी बोलण्याचा. फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला कसा द्यावा, याचे नियम मार्च 2020 मध्ये देशात ठरले. गावातच रक्त तपासले, रिपोर्ट मोबाईलवर पाठवला आणि गोळी किती द्यायची ते तज्ज्ञाने सांगितले, तर मुंबईची एखादी खेप वाचते. एक खेप वाचली की आठवड्याची मजुरी वाचते, आणि उपचार टिकतात.

पण बंधू-भगिनींनो, फोन म्हणजे दवाखाना नव्हे. गाठीचा तुकडा फोनवर तपासता येत नाही, सलाईनही लावता येत नाही. केमो चालू असलेल्या मुलाला 100.4 अंश ताप आला, तर व्हिडिओची वाट पाहू नका. आधी निघा, फोन वाटेत करा.

मग आपण काय करायचे? बुबुळात पांढरी चमक, पोटात गोळा, हटत नसलेला ताप, अंगावर काळे-निळे डाग, सकाळी डोके दुखून उलटी, यांतले काहीही दिसले तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टर गाठा. सगळे कागद एका फाईलमध्ये, तारखेप्रमाणे लावा. रिपोर्टचा फोटो उजेडात, स्वच्छ काढा. तो फक्त डॉक्टरांना पाठवा, गल्लीच्या ग्रुपवर नको, कारण आजार त्या लेकराचा आहे.

आणि तरुणांनो, आपल्या वस्तीत असे एखादे घर असेल, तर ठरल्या दिवशी अर्धा तास तिथे बसा. फोन जोडून द्या, डॉक्टरांनी सांगितलेले मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. तज्ज्ञ शेकडो मैलांवर असेल, पण पुढची तारीख चुकू न देणारा माणूस शेजारीच लागतो. तो माणूस तुमच्यातून उभा राहावा, एवढीच आमची विनंती.

जयभीम! नमो बुद्धाय!