वस्तु आणि तिचें चित्र

आंतरजालावर जगांतील कोणतीहि मूर्ति घरबसल्या पाहतां येते. मग वस्तुसंग्रहालयांवर खर्च कशासाठीं करावयाचा, असा प्रश्न सुशिक्षितांच्या घरांतहि निघतो. त्याचें उत्तर ब्राझीलमधील एका दुर्घटनेंत मिळतें.

रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय १८१८ सालीं स्थापन झालें. त्यांत सुमारें २ कोटि वस्तु होत्या. २ सप्टेंबर २०१८ रोजीं रात्रीं तेथें आग लागली, जवळच्या नळांना पाणी मिळेना, आणि संग्रहाचा फार मोठा भाग भस्मसात् झाला. छायाचित्रें मात्र आंतरजालावर शाबूत राहिलीं. दालनांत काय मांडलें होतें, हें त्यांवरून आजहि कळतें. पण तेथील लक्षावधि कीटकांपैकीं एकाचीहि आनुवंशिक तपासणी छायाचित्रावरून होणार नाहीं.

चित्र हें तें काढणाराच्या प्रश्नाचें उत्तर असतें. वस्तु ही पुढील पिढ्यांना सुचणाऱ्या प्रश्नांसाठीं राखलेली साक्ष असते. त्या संग्रहालयांत ११,०००हून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या एका स्त्रीची कवटी होती. अभ्यासकांनीं त्या स्त्रीला ‘लुझिया’ हें नांव दिलें आहे. कवटीची आकृति संगणकांत पूर्वींच सांठविलेली होती. तरीहि संशोधकांनीं ढिगारे उपसून तिचे बहुतेक तुकडे वेंचून काढले. आकृतीनें त्यांचें समाधान झालें नाहीं, यांतच सारें आलें.

आंतरजाल दूरच्या माणसाला संग्रहालयाचें दार दाखवितें, हा त्याचा मोठा उपकार होय. परंतु ज्या समाजाला चित्र पुरेसें वाटूं लागतें, त्याचें लक्ष हळूहळू वस्तूवरच्या छपरावरून उडतें.