चष्मा लागलेली मुले आणि जिम्नॅस्टिक्सचा सराव

(शिक्षक व पालक यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)

हैदराबाद शहरातील नारायणगुडा ही वस्ती मराठी माणसाला परकी नाही. न्या. केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ १९४० साली सुरू झालेली केशव मेमोरियल ही शिक्षणसंस्था याच वस्तीत आहे. येथून फार दूर नसलेल्या फतेह मैदानावर लालबहादूर स्टेडियम आहे. या स्टेडियममध्ये सराव करून पुढे आलेल्या अरुणा रेड्डी हिने फेब्रुवारी २०१८ मध्ये मेलबर्न येथील जागतिक चषक स्पर्धेत व्हॉल्ट या प्रकारात कांस्यपदक मिळविले. जिम्नॅस्टिक्सच्या जागतिक चषक स्पर्धेत वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. अशा यशाची वार्ता घरोघर पोहोचली म्हणजे लहान मुलामुलींना या खेळाची ओढ वाटावी, हे स्वाभाविक आहे.

अशाच एका दहा वर्षांच्या मुलीचे उदाहरण विचारासाठी डोळ्यांपुढे आणावे. ती नारायणगुड्यात राहते आणि शाळा सुटल्यावर सरावाला जाते. वर्षभरात तिने चांगली प्रगती केली आहे. मग शाळेतील तपासणीत तिच्या दोन्ही डोळ्यांना उणे दोन नंबर निघतो. घरात चष्मा येतो आणि त्याच्याबरोबर एक प्रश्नही येतो. आजी म्हणते, “चष्मा फुटून डोळ्यात काच गेली तर काय करायचं? राहू दे तो खेळ.” वडील म्हणतात, “सरावापुरता काढून ठेवू दे, आई. तासा-दोन तासांचाच प्रश्न आहे.” मुलगी काहीच बोलत नाही. खेळ सुटू नये म्हणून ती दुसऱ्या दिवशी चष्मा दप्तरात ठेवते आणि सरावाला उभी राहते.

या घरातील दोन्ही उत्तरे प्रेमापोटी आलेली आहेत. परंतु दोन्ही अपुरी आहेत. पहिल्या उत्तराने मुलीचा खेळ विनाकारण जातो. दुसऱ्या उत्तराने ती अंधुक नजरेने उंचीवर चढते. चष्मा की खेळ, असा प्रश्न मुळात घालूच नये. चष्मा खेळात कसा बसवावयाचा, एवढाच खरा प्रश्न आहे आणि त्याला उत्तरे आहेत.

प्रथम त्या मुलीला काय दिसते, हे समजून घेतले पाहिजे. जवळचे स्पष्ट आणि दूरचे अंधुक दिसणे याला ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. उणे एक नंबर असलेल्या डोळ्याला चष्म्याविना सुमारे एक मीटरपर्यंतचे स्पष्ट दिसते, उणे दोनला अर्ध्या मीटरपर्यंत आणि उणे चारला पाव मीटरपर्यंत. त्यापलीकडील वस्तूंच्या कडा पुसट होत जातात. आता मुलींच्या तोल सांभाळण्याच्या तुळईचा, म्हणजे बॅलन्सिंग बीमचा विचार करावा. ही तुळई पाच मीटर लांब, जमिनीपासून सव्वा मीटर उंच आणि अवघी दहा सेंटिमीटर रुंद असते. तिच्यावर उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलीचे डोळे तिच्या पावलांपासून सुमारे सव्वा मीटरवर असतात. म्हणजे उणे दोन नंबरच्या मुलीला आपल्या पायाखालच्या तुळईची कडसुद्धा स्पष्ट दिसत नाही. मग तुळईचे पलीकडचे टोक तर दूरच राहिले. व्हॉल्टसाठी पंचवीस मीटरपर्यंतची धाव घ्यावी लागते. धावताना समोरच्या टेबलाचे अंतर नजरेनेच मोजले जाते.

शरीराचा तोल कानाच्या आतील भाग, स्नायू-सांधे आणि डोळे या तिघांच्या मेळाने सांभाळला जातो. कोलांटउडीच्या अखेरीस जमीन दृष्टीस पडते आणि तिच्या अंदाजाने पाय खाली येतात. हा अंदाज चुकला तर गुडघा, घोटा किंवा मनगट दुखावते. याहून सूक्ष्म हानी निराळीच आहे. अंधुक दिसणारी मुलगी तुळईवर थबकते, व्हॉल्टच्या धावेत शेवटच्या पावलांना अडखळते. प्रशिक्षकाला वाटते, मुलगी भित्री झाली. आईवडिलांना वाटते, हिचे लक्ष उडाले. कारण डोळ्यांत असते आणि दोष मनाला दिला जातो. कित्येक मुले अशा वेळी खेळ सोडतात आणि आपण त्या योग्यतेचे नव्हतो, अशी समजूत मनाशी बाळगतात.

यावर तीन उपाय आहेत. त्यांतील कोणता योग्य, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी आणि प्रशिक्षकांनी मिळून ठरवावे.

पहिला उपाय चष्म्याविना सराव करण्याचा. नंबर अगदी थोडा असेल, तर जमिनीवरील ताण देण्याचे व ताकदीचे व्यायाम चष्मा काढून करता येतात. परंतु हे मुलाने स्वतःच ठरवावयाचे नाही. तुळई, व्हॉल्ट आणि हवेतील कोलांटउड्या यांच्यासाठी “चालेल, सवय होईल” असे म्हणून भागत नाही.

दुसरा उपाय खेळासाठी केलेल्या चष्म्याचा. लहान मुलांच्या बाबतीत पुष्कळ वेळा हाच सोयीचा ठरतो. त्याची भिंगे पॉलिकार्बोनेटची असावीत. हे द्रव्य आघाताला टिकते; काचेचे भिंग मात्र या खेळात कधीही वापरू नये. आजींची भीती काचेच्या भिंगापुरती खरीच आहे. फ्रेम प्लॅस्टिकची असावी, तिला धातूच्या बिजागऱ्या नसाव्यात आणि काड्यांच्या जागी डोक्यामागून जाणारा रुंद इलॅस्टिकचा पट्टा असावा. पट्ट्याचे बक्कल डोक्याच्या मागच्या बाजूस मध्यावर येऊ देऊ नये, कारण कोलांटी घेताना तोच भाग गादीवर टेकतो. केसांचा अंबाडा पट्ट्याच्या वर बांधावा. भिंगे पुरेशी उंच असावीत. अरुंद फ्रेम घेतली, तर तुळईकडे पाहताना नजर भिंगाच्या खालून निसटते आणि चष्मा असूनही नसल्यासारखा होतो. बाजूंना हवा खेळण्यास जागा असावी, म्हणजे घामाने भिंगांवर वाफ धरत नाही. मोठेपणी उपयोगी पडेल म्हणून सैल चष्मा घेण्याची चूक करू नये.

दुकानातून चष्मा घेण्यापूर्वी मुलीला तो घालून डोके हलवावयास, वाकावयास आणि उड्या मारावयास सांगावे. तो जागचा हलला नाही, तरच घ्यावा. व्यायामशाळेत हातांना लावली जाणारी पांढरी पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची असते. ती भिंगावर बसते. ती कोरड्या फडक्याने किंवा फ्रॉकच्या टोकाने पुसली, तर भिंगांवर चरे पडतात. म्हणून भिंगे आधी पाण्याने धुवावीत व मग मऊ कापडाने टिपावीत. असा चष्मा घेण्याची ऐपत नसेल, तर निदान रोजच्या चष्म्याची भिंगे काचेची नाहीत याची खात्री करून त्याला पट्टा लावावा आणि कोणते प्रकार त्यावर करावयाचे, हे प्रशिक्षकांकडून ठरवून घ्यावे.

तिसरा उपाय कॉन्टॅक्ट लेन्सचा. या लेन्समुळे बाजूचेही स्पष्ट दिसते आणि डोक्यावर पट्टा येत नाही. पण त्यांच्याबरोबर स्वच्छतेची मोठी जबाबदारी येते. येथे वयापेक्षा मुलाची शिस्त महत्त्वाची. लेन्स बसविताना व काढताना हात साबणाने धुऊन कोरडे केले पाहिजेत आणि हाताला पूड लावण्यापूर्वीच लेन्स बसविली पाहिजे. लेन्स नळाच्या पाण्याने धुऊ नये, तोंडात घालून ओली करू नये, ती घालून झोपू नये. पाण्यातील काही सूक्ष्म जीव डोळ्याच्या बुबुळाला गंभीर रोग करतात. लहान मुलांसाठी रोज नवी वापरून टाकून द्यावयाची लेन्स अधिक सुरक्षित असते. डोळा लाल झाला, दुखू लागला, प्रकाश सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर लेन्स तत्काळ काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. लेन्स वापरणाऱ्या मुलाजवळही चष्मा नेहमी असलाच पाहिजे. सरावाच्या मध्येच लेन्स पडली, तर त्या दिवशीचे कठीण प्रकार थांबवावेत. डोळ्यांवरील लेसर शस्त्रक्रिया हा मात्र वाढत्या वयातील मुलांसाठी मार्ग नव्हे, कारण त्यांचा नंबर अजून बदलत असतो.

चष्मा लावून मोठा खेळाडू होता येते का, अशी शंका पालक विचारतात. अमेरिकेच्या मॉर्गन हर्ड हिने २०१७ साली माँट्रियल येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत चष्मा लावून सर्वसाधारण विजेतेपद मिळविले. एवढेच नव्हे, तर त्याच दहा सेंटिमीटर रुंदीच्या तुळईवर रौप्यपदकही मिळविले. याच्या उलट, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पॉमेल हॉर्स या साधनावर कांस्यपदक मिळविणारा स्टीफन नेडोरोसिक आपला चष्मा काढून ठेवून साधनाकडे गेला. त्या प्रकारात दोन्ही हात साधनावरच फिरतात आणि स्पर्शाचा आधार मोठा असतो. या दोन उदाहरणांवरून एवढेच घ्यावयाचे की, चष्मा ही उणीव नाही आणि प्रत्येक साधनाची गरज वेगळी असते. मात्र अनुभवी प्रौढ खेळाडूने स्वतःपुरती केलेली निवड लहान मुलाने तशीच उचलू नये.

नवा चष्मा आल्यावर त्याच दिवशी मुलीला उंच तुळईवर चढवू नये. उणे नंबरच्या भिंगातून वस्तू किंचित लहान दिसतात आणि अंतराचा अंदाज काही दिवस बदलतो. प्रथम जमिनीवर आखलेल्या रेघेवर चालावे, मग जमिनीलगतच्या तुळईवर, नंतर गाद्यांच्या आधाराने उंचीवर, असा क्रम ठेवावा. आधीच्या वेगाला ती केव्हा येते, हे तिच्या पावलांवरून ठरवावे. स्पर्धेपूर्वी चष्मा वापरण्याबाबत संयोजकांना व पंचांना विचारून ठेवावे. नंबर उणे सहा किंवा त्याहून अधिक असेल, तर उलट्या उड्यांचा सराव करण्यापूर्वी डोळ्यात औषध घालून पडद्याची तपासणी करून घेणे आवश्यक आहे. एकाएकी प्रकाशाच्या रेषा चमकणे, काळे ठिपके तरंगणे किंवा एका बाजूस पडदा आल्यासारखे वाटणे, ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. हैदराबादमध्ये मेहदीपट्टणम येथील शासकीय सरोजिनीदेवी नेत्र रुग्णालयात अशा उपचारांची सोय आहे.

हा विषय केवळ शहरातील व्यायामशाळांचा आहे, असे ग्रामीण भागातील शिक्षकांनी समजू नये. गावच्या मैदानावर खो-खो, कबड्डी, मल्लखांब खेळणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. मल्लखांबावर शरीर लाकडाला बिलगते, तेव्हा चष्मा काढावाच लागतो. पण उडी घेऊन खाली येताना जमीन दिसली पाहिजे, हे तेथेही खरे आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. मुलांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली महाराष्ट्रात पालघर येथून सुरू झाला. तेलंगणात १५ ऑगस्ट २०१८ रोजी ‘कंटि वेलुगु’ या नेत्रतपासणीच्या मोहिमेचा आरंभ झाला. परंतु तपासणीचे पथक येण्यापूर्वीही शिक्षकाला पुष्कळ करता येते. सहा मीटरवर अक्षरतक्ता लावून एकेका डोळ्याची पाहणी करावी. दुसरा डोळा तळहाताने झाकावा, दाबू नये. फळ्याजवळ सरकणारे, डोळे बारीक करून पाहणारे, चेंडू अंगावर येईपर्यंत न हलणारे मूल ओळखून ठेवावे आणि पालकांना सांगावे.

चष्मा लावल्याने नंबर वाढतो, हा समज खोटा आहे. वाढत्या वयात डोळ्याच्या गोलकाची लांबी वाढते, म्हणून नंबर बदलतो. त्यासाठी डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, निदान वर्षातून एकदा तरी, तपासणी करावी. दिवसाउजेडी उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत ऱ्हस्वदृष्टी जडण्याचे प्रमाण कमी राहते, असे अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणून छपराखालच्या सरावाबरोबर मुलाला मोकळ्या मैदानावरचा वेळही मिळाला पाहिजे.

शेवटी त्या नारायणगुड्याच्या मुलीकडे वळावे. तिचा चष्मा अजून दप्तरातच आहे. ती आपणहून सांगणार नाही, कारण सांगितले तर खेळ बंद होईल, अशी तिला भीती आहे. तिची ही भीती घालविणे हे मोठ्या माणसांचे पहिले काम होय. घरी वडिलांनी तिला सांगावे की, खेळ बंद होणार नाही. प्रशिक्षकांनी “घाबरतेस का?” असे विचारण्यापूर्वी “तुळईची कड दिसते का?” असे विचारावे. एवढ्या एका प्रश्नाने ती मुलगी दप्तर उघडून चष्मा बाहेर काढील. तेथून पुढचा मार्ग डॉक्टर, प्रशिक्षक आणि आईवडील या तिघांनी मिळून सहज काढता येण्यासारखा आहे.