परक्यांसाठी केलेली प्रार्थना
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी गिरणी कामगार. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं वाचनालयानं शिकवलं. आज जर्मनीतल्या एका कॅथलिक धर्मगुरूची हकीकत सांगतो. नाव बर्नहार्ड लिश्टेनबर्ग.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी रोमच्या धर्मपीठाने त्याच्या सरकारशी करार केला. पुढे पुष्कळ धर्मगुरू गप्प राहिले, हेही सांगितलं पाहिजे. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री ज्यूंची प्रार्थनामंदिरं जाळली, दुकानं फोडली. लिश्टेनबर्ग तेव्हा बर्लिनच्या सेंट हेडविग कॅथेड्रलमध्ये होते. त्यांनी भर चर्चमध्ये सांगितलं की, बाहेर जळतंय तेही देवाचंच घर आहे. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी ज्यूंसाठी आणि छावण्यांतल्या कैद्यांसाठी जाहीर प्रार्थना करू लागले. ज्यू काही त्यांच्या धर्माचे नव्हते!

सरकार मनोरुग्णांना आणि अपंगांना ठार करीत होतं. त्याविरुद्ध ऑगस्ट १९४१ मध्ये त्यांनी सरकारच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीचं निषेधपत्र धाडलं.

शेवटी प्रार्थना ऐकलेल्या दोन विद्यार्थिनींनी चुगली केली. ऑक्टोबर १९४१ मध्ये अटक झाली, मे १९४२ मध्ये दोन वर्षांची शिक्षा. पुढे पोलिसांचा निरोप आला, युद्ध संपेपर्यंत प्रवचन करणार नाही म्हणा, सोडतो. त्यांनी उलट मागितलं, मला हद्दपार ज्यूंबरोबर लॉड्झच्या कोंडवाड्यात पाठवा. दाखाऊच्या छावणीकडे नेत असताना ५ नोव्हेंबर १९४३ रोजी होफ गावी त्यांचा मृत्यू झाला. वय ६७.

त्या दाखाऊत सुमारे २७०० धर्मगुरू कोंडले होते, बहुतेक पोलंडचे. हजारावर तिथेच मेले.

१९९६ साली पोपने लिश्टेनबर्गना 'धन्य' घोषित केलं. २००४ साली इस्राएलच्या याद वाशेम या संस्थेनंही त्यांचा सन्मान केला.

बंधूंनो, एकदा साचाखात्यात एका परप्रांतीय सोबत्यावर चोरीचा खोटा आळ आला. खरं मला ठाऊक होतं. पण तो आपला नाही, आपल्याला काय करायचंय, म्हणून मी मान खाली घालून साचा चालवत राहिलो. त्याची नोकरी गेली. ही हकीकत वाचली त्या रात्री मला त्याचाच चेहरा दिसत होता.

आपल्या माणसासाठी सगळेच ओरडतात. परक्याच्या घराला आग लागते तेव्हा आपण काय बोलतो, तिथे माणसाचा धर्म कळतो.